हलू नका, लागलंय!

भाऊकाकांकडे चहाला गेलेला माणूस पहिला अर्धा कप उभ्यानेच पितो. तो दारातून आत येतो आणि नेमकी त्याच क्षणी एफएमची खरखर थांबते. काकांचा हात वर. "हलू नकोस! लागलंय!" मग एक पाय चपलेत, एक बाहेर, अशा अवस्थेत पाहुण्याला कळतं की माणसाच्या अंगावरूनही रेडिओच्या लाटा परततात. शास्त्र खरं आहे. पण तो बिचारा बशी मागत असतो.

काकांचा सिद्धांत एकच. "सिग्नल असतोच रे. आपण चुकीच्या जागी उभे असतो."

आमच्या सोसायटीच्या पाठीला टेकडी आहे. एफएमच्या लाटा सरळ धावतात, मीडियम वेव्हसारख्या जमीन धरून लांबवर जात नाहीत, म्हणून पुण्यात सगळ्यांना फिरायला आवडणाऱ्या टेकड्यांपैकी या एकीशी काकांचं वैयक्तिक वैर आहे. तिच्यावर उपाय म्हणून कालनिर्णयच्या मागे भिंतीवर वायरचा एक 'टी' ठोकलाय. दोन्ही हात पाऊण-पाऊण मीटरचे, टेपने मोजलेले. "शंभर मेगाहर्ट्झची लाट तीन मीटरची. तिचा पाव किती?" हे ते कोणालाही विचारतात, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्यालासुद्धा. रेडिओची दांडी कोणी उगाच शेवटपर्यंत ओढली, तर त्यांना ती कानाला धरून ओढल्यासारखी लागते.

हॉलमधला एलईडी बल्ब त्यांनी कधीच हद्दपार केला. स्वस्तातले असे बल्ब रेडिओत गुणगुणतात, हे त्यांनी एकेक दिवा विझवून शोधून काढलं. शेजारच्यांचा बल्बही संशयित आहे, पण तिथे काकूंनी चौकशी थांबवली. टेबलावरच्या जुन्या सेटला स्टिरिओचं बटण आहे, ते कायम मोनोवर. सिग्नल अशक्त असला की मोनोवर खरखर कमी होते. "दोन कानांना वेगवेगळं ऐकवून काय करायचंय?"

मला वाटायचं, माणूस गाण्यांचा वेडा असणार. तसं काही नाही. एकदा 101 वर विविध भारती घंटेसारखी स्वच्छ लागली होती. काकू म्हणाल्या, "अहो, गाणं संपलं पण." काका म्हणाले, "संपू दे. काय स्वच्छ संपलं, ऐकलंस?" आणि लगेच काटा हलवून पुढचं, न लागणारं स्टेशन शोधायला लागले.

गाडीत त्यांना पुढच्या सीटवर बसवू नये. बसण्याआधी ते टपावरची अँटेनाची काडी पिळून बघतात. गाडी धुताना काढलेली काडी लोक डिकीत टाकतात आणि वर्षभर रेडिओला नावं ठेवतात, असं त्यांचं निरीक्षण आहे, आणि आमच्या डिकीने ते सिद्ध केलं. मग चार्जरवर नजर. "काढ तो." चार्जर निघाला की बऱ्याचदा खरखर खरोखरच कमी होते, हीच मोठी अडचण आहे, कारण काका बरोबर ठरतात. मुंबईला जाताना असाच चार्जर निघाला, नकाशा दाखवणारा फोन मान टाकून पडला आणि आम्ही भलत्याच फाट्याला लागलो. बातम्या मात्र अखंड मिळाल्या. पुढे घाटात "आता जाईल... आता जाईल..." असं म्हणत, "गेलं!" हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं, जणू डोंगर त्यांनीच तिथे ठेवलाय.

पुतण्याने त्यांना फोनवर आकाशवाणीचं ॲप घालून दिलं. खरखर नाही, दांडी नाही, कुठेही उभं राहा. काकांनी फोन आणि रेडिओ शेजारी ठेवले. रेडिओवर निवेदिकेचं वाक्य संपलं, तेव्हा फोनवरची निवेदिका त्याच वाक्यात अजून अडकलेली. "शिळं आहे हे," म्हणून फोन परत.

ॲप आता काकूंच्या फोनवर आहे, हे काकांना ठाऊक नाही. परवा काका गॅलरीत दांडी फिरवत असताना काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला हवी होती ती मुलाखत झाली की! छान झाली."

"तुला कुठे लागली?"

"ओट्यापाशी," काकू म्हणाल्या. फोन तोवर डब्यामागे गेला होता.

काका रेडिओ घेऊन तडक आत आले, तो मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला, दांडी पाऊण मीटर वर काढली आणि म्हणाले, "अगं, मघाशी जशी उभी होतीस ना, तशीच उभी राहा. झारा हातात होता का?"