जहाजाचं राहू द्या, उतरलात कशातून?

ऐकलं का? औसा रोडच्या वहिनी क्रूझनं गोव्याला जाऊन आल्या आणि भिशीत त्यांची कुणी साधी दखलही घेतली नाही! केबिनचे फोटो दाखवून झाले, डेकवरच्या सूर्यास्ताचे झाले, बुफेतल्या गोडाधोडाचे झाले. बाकीच्या पापड मोडत बसल्या होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "ते सगळं राहू द्या, उतरलात कशातून?" वहिनी म्हणाल्या, "कशातून म्हणजे? जहाज धक्क्याला लागलं, जिना लावला, उतरलो." झालं! विषय तिथंच मिटला आणि बोलणं नीटच्या निकालावर गेलं.

सध्या लातूर-नांदेडात हा असा नियम होऊन बसलाय. जहाज थेट धक्क्याला लागलं तर ती कसली क्रूझ? एसटीसुद्धा फलाटालाच लागते की! खरी क्रूझ कशी, तर जहाजानं समुद्रात लांब उभं राहायचं, त्याच्या पोटातलं दार उघडायचं, खाली एक छोटी बोट हेलकावे खात असायची आणि तिच्यात पाय टाकून आपण किनारा गाठायचा. ती बोट म्हणजे टेंडर. पीडब्ल्यूडीचं टेंडर नव्हे, त्यात तरंगणारी माणसं निराळी.

आणि हे कोण म्हणायलेत, तर आम्ही! ज्या लातुरात मार्च 2016 मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, ज्या लातूरला त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं आणि लोक ते बघायला स्टेशनात गेले, त्या लातूरकरांना आता समुद्र धक्क्यापर्यंत आलेला चालत नाही. थोडा लांब पाहिजे म्हणे.

हे खूळ एका दिवसात आलं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली तेव्हा आमच्याकडं चार घरांत कुजबुज झाली. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया आली आणि पुढच्याच महिन्यात त्या जहाजावर अमली पदार्थांच्या संशयावरून छापा पडला. महिनाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. "असल्या ठिकाणी आपली पोरं पाठवायची नाहीत" असं ज्या सासूबाईंनी देवघरातून बजावलं होतं, त्याच पुढच्या हंगामात पांढरी टोपी घालून डेकवर उभ्या! फोटो मी स्वतः पाहिलाय. त्यातच कुणीतरी शोध लावला, की हे जहाज 1990 सालचं, पहिलं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', नंतर 'एम्प्रेस ऑफ द सीज'. "म्हणजे सेकंडहँड?" अशी नांदेडच्या वजिराबादेत दोन दिवस चर्चा. ज्यांच्या दारात सेकंडहँड फॉर्च्युनर उभी आहे त्यांनी ती जास्त केली.

पण टेंडरचं वेड खरं लावलं लक्षद्वीपनं. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान तिथल्या वाळूत खुर्ची टाकून बसले आणि आमच्याकडं लोक नकाशा काढून बसले. 36 बेटं, त्यांतल्या 10 बेटांवर वस्ती, जायला परवाना लागतो. परवाना म्हटल्यावर तर आमच्या माणसाला आणखीच चव येते. बेटाभोवती प्रवाळाचं कडं, आत उथळ निळं पाणी. मोठं जहाज त्या कड्याच्या आत जाऊच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं छोट्या बोटीतून नेतात. कोचीहून प्रशासनाचं 'एमव्ही कवरत्ती' जातं, त्याची तर सहलच अशी आखलेली, की रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉयवर बोटीनं उतरायचं. म्हणजे एका तिकिटात तीन बेटं आणि दर बेटाला जाऊन-येऊन दोन बोटी. हा हिशेब नांदेडच्या एका काकांनी काढला. ते निवृत्त बँकवाले आहेत, त्यांचा हिशेब चुकत नाही.

दुसरा रस्ता बियाणं-खतवाल्यांचा. आमच्याकडच्या कृषी सेवा केंद्रांना कंपन्यांच्या योजना असतात, टार्गेट पूर्ण केलं की टूर. पूर्वी बँकॉक-पटाया असायचं आणि त्याबद्दल घरी फार बोलायची पद्धत नव्हती. आता सिंगापूरहून क्रूझ, सहकुटुंब. फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यासमोर जहाजं नांगर टाकतात आणि माणसं टेंडरनं वाळूवर. सोयाबीनचा भाव पडला म्हणून शेतकरी रडायलेत आणि सोयाबीनचं बियाणं विकणारा पातोंगला गुडघाभर पाण्यात व्हिडिओ काढायलाय, यावर लातूरच्या गंजगोलाईत जे बोललं जातं ते इथं लिहिता येणार नाही.

आता खरी गंमत. जहाजावर दीड-दोन हजार माणसं आणि बोटीत मावणार शंभर-सव्वाशे. मग सकाळी हॉलमध्ये टोकन वाटतात. टोकन घ्यायचं, बसायचं, नंबर पुकारला की खाली जायचं. परदेशी माणूस कॉफी पीत शांत बसतो. आमचं माणूस? ज्यानं टँकरच्या रांगेत घागरींना नंबर लावलेत, त्याला टोकन कसं मिळवायचं हे शिकवायचं का? नवरा नाश्त्याला, सासरे डेकवर, पोरगं खुर्च्या धरून आणि वहिनी काउंटरपाशी पाच जणांची टोकनं घेऊन. "माझ्या मागं आठ जण आहेत, ते बाथरूमला गेलेत." हे वाक्य मांजऱ्याकाठी जन्मलं आणि अरबी समुद्रात पोचलं.

एवढं करूनही पहिल्या बोटीत दुसरेच! का, तर ज्यांनी मोठा स्वीट घेतला त्यांना आधी सोडतात आणि ज्यांनी जहाजाकडूनच किनाऱ्यावरची सहल घेतली ते त्यांच्या मागोमाग. इथं मैत्र्या तुटतात. भाग्यनगरच्या डॉक्टरीणबाई स्वीटवाल्या, त्या पहिल्या बोटीत. त्यांच्याच सख्ख्या मावसबहीण आतल्या बिनखिडकीच्या केबिनवाल्या, त्यांचा नंबर अकरावा. डॉक्टरीणबाई किनाऱ्यावर नारळपाणी पिऊन, फोटो टाकून परत निघाल्या तेव्हा बहीणबाई उतरत होत्या. जेट्टीवर दोघी समोरासमोर आल्या आणि एकमेकींना "हाय" म्हणाल्या. मावसबहिणी! "हाय"!

बोटीत पाय टाकण्याचंही शास्त्र आहे आणि आता भिशीत त्याची प्रात्यक्षिकं होतात. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना टाकायचा नाही. हात धरणारे खलाशी दोन्ही बाजूंना असतात आणि ते पंजा धरत नाहीत, मनगटाच्या वर धरतात, आपणही तसंच धरायचं, म्हणजे घाम असला तरी हात सटकत नाही. पर्स हातात ठेवायची नाही. साडीचं म्हणाल तर नऊवारीला काही अडत नाही, अडते ती पाचवारी. पण सांगायचं कुणाला? एका बाईनं म्हणे पैठणीवर नारिंगी लाइफजॅकेट घालून "मॅचिंग झालं" असं स्टेटस ठेवलं. नांदेडात त्यावर चोवीस तासांत झालेली चर्चा विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावरही होत नाही.

आणि कहर ऐका. बऱ्याच जहाजांवर टेंडर म्हणून ज्या बोटी सोडतात त्या जीवरक्षक बोटीच असतात! जहाज बुडायला लागलं तर बसायच्या, त्याच. अशा बोटीत सर्वसाधारणपणे 150 पेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे कळल्यावर अंबाजोगाई रोडच्या एका आजींनी बोटीत बसायलाच नकार दिला. "आत्ताच वापरली तर बुडताना कशात बसायचं?" घरचे हसले. मला तरी प्रश्न रास्त वाटतो.

बाहेरच्या देशांत तर आणखी तऱ्हा. ग्रीसचं सँटोरिनी घ्या. ज्वालामुखीच्या विवरात भरलेला समुद्र, इतका खोल की जहाजाला नांगर टाकून स्वस्थ बसताही येत नाही. टेंडरनं खाली जुन्या बंदरात उतरायचं आणि गाव वर कड्यावर! चढायचं तर पाचशेहून जास्त पायऱ्या, नाहीतर केबल कार, नाहीतर गाढव. आमच्याकडच्या एका गृहस्थांनी गाढव निवडलं. तर कळलं की 2018 पासून तिथं नियम आहे, 100 किलोपेक्षा जास्त ओझं गाढवावर लादायचं नाही. गृहस्थांचं नाव सांगत नाही, पण ते पायऱ्यांनी गेले एवढं सांगते. शिवाय जुलै 2025 पासून सँटोरिनीला क्रूझवाल्यांवर माणशी कर लागलाय, भर हंगामात 20 युरो. "वर पायीच जायचं तर कर कसला?" असं ते अजून विचारायलेत.

केमन बेटांचं त्याहून नवल. तिथं क्रूझचा धक्काच नाही, हजारो माणसं टेंडरनं उतरतात. एप्रिल 2025 मध्ये सरकारनं मतदान घेतलं, धक्का बांधायचा का? लोकांनी सांगितलं, नको! गर्दी नको, प्रवाळ तोडायला नको. आमच्याकडं कुणी "रस्ता नको" असं मत दिल्याचं ऐकलंय का कधी? इथं रस्ता मंजूर होतो, उद्घाटन होतं, फलक लागतो, आणि तरी पावसाळ्यात माणसं चिखलातच.

या सगळ्यावर पाणी ओतलं ते शेजारच्या घरातल्या, रत्नागिरीकडच्या सूनबाईंनी. भिशीत टेंडरपुराण चाललं होतं. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या आजोबांच्या वेळी सगळे असेच उतरायचे." कोकणच्या किनाऱ्यानं मुंबईहून आगबोटी जायच्या, बऱ्याच बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, बाळंतिणी, सगळं पडावातून किनाऱ्यावर यायचं. कुठं कुठं तर शेवटचं पाणी खलाशाच्या खांद्यावर बसून काटायचं. "आणि लाटेवर पाय कधी टाकायचा हे आजीला ठाऊक होतं, ती शाळेत गेली नव्हती." भिशीत असा सन्नाटा पूर्वी एकदाच पडला होता, एकीनं हप्ता न भरता नंबर मागितला तेव्हा. मग एकीनं सावरून घेतलं, "पण त्यात टोकन नव्हतं ना?"

सूनबाई थांबली असती तर बरं. पण ती पुढं म्हणाली, "आणि तुमच्या मराठवाड्यात नाहीत का टेंडर?" 2023 मध्ये बातमी आली होती, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची. जायकवाडीच्या फुगवट्यापलीकडं शाळा, अलीकडं वस्ती, आणि पोरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ना खलाशी, ना मनगट धरणारा, ना जॅकेट. साप जवळ आला तर हाकलायला हातात काठी. हे बोलल्यापासून सूनबाईंना चहाला कमी बोलावतात. सूनबाई म्हणे त्यामुळं सुखात आहेत.

वेड मात्र वाढतंच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वंदे भारत नांदेडपर्यंत आली, सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर जवळच, त्यामुळं टूरवाल्यांच्या जाहिराती आणखी मोठ्या झाल्या. त्यांना लोक आता एकच गोष्ट लिहून मागतात, टेंडर नक्की होणार ना? ती हमी कोण देणार? लाट मोठी असली तर कप्तान बोटी सोडत नाही आणि जहाज बेटाकडं पाठ करून निघून जातं. उदगीरच्या एका व्यापाऱ्यांचं असंच झालं. डेकवर उभं राहून लांबून नारळाची झाडं पाहिली. परत आल्यावर एजंटाकडं अर्धे पैसे मागितले. एजंट म्हणाला, "शेठ, बेट दाखवलं की नाही?" शेठजींनी आयुष्यभर सोयाबीन लांबून बघून भाव पाडलाय, त्यांना उत्तर सुचलं नाही.

आणि ताजी बातमी अशी, की भाग्यनगरच्या डॉक्टरीणबाई आता अंटार्क्टिकाला निघाल्यात. तिथं पर्यटकांना धक्का नाही, जेट्टी नाही, रबरी बोटीतून उतरायचं, बुटांसकट पाण्यात. सहल कंपन्यांनी स्वतःवरच नियम घालून घेतलाय, एका जागी एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरवत नाहीत. म्हणजे टोकनाचा कळसच! बातमी फुटल्यापासून भिशीतल्या चौघींनी नावं दिलीत, स्वेटरचे रंगसुद्धा ठरले. फक्त किनाऱ्यावर खाण्याचा एकही जिन्नस नेता येत नाही, धपाटा नाही की ठेचा नाही, हे काल कळलं आणि दोघी तिथंच अडल्यात. नवऱ्यांना विचारून सांगतो म्हणाल्या. नवऱ्यांना अजून अंटार्क्टिकाचंच सांगितलेलं नाही.