चालू घडामोडींच्या खुळाची बाजू

श्रीलंकेबरोबरचा लष्करी सराव ‘मित्रशक्ती’, इंडोनेशियाबरोबरचा ‘गरुडशक्ती’, नेपाळबरोबरचा ‘सूर्यकिरण’, फ्रान्सच्या नौदलाबरोबरचा ‘वरुण’. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्यात अशी नावं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवणारी मुलं-मुली आहेत. कुणाचं घर गणपतीच्या कारखान्यावर चालतं, कुणाचे वडील धाटावच्या एमआयडीसीत पाळीला जातात, कुणाची चार गुंठे भातशेती आहे. यांतलं कुणी सैन्यात जाणार नसतं. तरीही दिवा-रोहा गाडीत, अभ्यासिकेत, रात्री अंथरुणात मोबाइलच्या उजेडात स्पर्धा परीक्षांसाठी त्यांचा चालू घडामोडींचा सराव चालू असतो: आज पंचवीस प्रश्न, उद्या पन्नास, रविवारी पूर्ण टेस्ट. घरचे आणि शेजारचे याला खूळ म्हणतात. मला हे खूळ मोलाचं वाटतं, आणि त्याची बाजू कुणीतरी मोकळेपणानं मांडायला हवी.

विरोधी पक्षाचा हिशेब पक्का आहे, तो आधी मान्य करतो. २०२२च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ११,३५,६९७ जणांनी अर्ज केले, पूर्वपरीक्षेला ५,७३,७३५ जण बसले आणि शेवटी शिफारस झाली ९३३ जणांची. म्हणजे बसलेल्या सहाशेहून अधिक जणांमागे एक. या हिशेबानं पाहिलं तर ‘गरुडशक्ती’ पाठ करण्यापेक्षा गाडीवर वडापाव लावलेला बरा, असं सांगणारा काका चुकत नाही. तो फक्त निकालाचा हिशेब करतो. सहाशेतल्या उरलेल्यांच्या डोक्यात काय साठतं, हे त्याच्या वहीत येत नाही.

नेमका तिथेच मला या खुळाचा पहिला गुण दिसतो: नाशवंत गोष्ट मनापासून शिकण्याची तयारी. जागतिक भूक निर्देशांकात २०२३ साली भारत १२५ देशांत १११वा होता. २०२४ साली १२७ देशांत १०५वा. ज्यानं १११ पाठ केलं त्याला वर्षभरात ते पुसून १०५ लिहावं लागलं. २०२४ची पूर्वपरीक्षा १६ जूनला झाली आणि अंतिम निकाल आला २२ एप्रिल २०२५ला. तोवर परीक्षेपूर्वी घोकलेले कितीतरी आकडे शिळे झाले होते. उमेदवाराला हे घोकतानाच ठाऊक असतं. पण आकडा बदलताना तो कुणी काढला हेही त्याला पाहावं लागतं. कन्सर्न वर्ल्डवाइड आणि वेल्टहुंगरहिल्फे या दोन संस्था समोर येतात. कुपोषण, बालकांची खुंटलेली वाढ, उंचीच्या मानानं कमी वजन आणि बालमृत्यू हे चार निकष कळतात. केंद्र सरकार या मोजणीच्या पद्धतीवर हरकत घेतं, हेही कळतं. आकडा पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मरतो. तो कुणी आणि कसा मोजला, हे विचारण्याची खोड मरत नाही. गावातल्या पाराच्या गप्पांत ही खोड असलेला एक जरी माणूस बसला, तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली निम्मी आकडेवारी तिथेच अडते.

दुसरा गुण प्रश्नांच्या घडणीत आहे. पूर्वपरीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकीच्या उत्तराला ०.६६ गुण वजा. पूर्वी दोन-तीन विधानं देऊन ‘फक्त १ आणि २’, ‘फक्त २ आणि ३’ असे पर्याय असत, आणि एक विधान नक्की ठाऊक असलं की बाकीचे पर्याय गाळता येत. २०२३च्या पेपरात केंद्रीय लोकसेवा आयोगानं बऱ्याच प्रश्नांना ‘वरीलपैकी किती विधानं बरोबर?’ हे शेपूट लावलं आणि गाळणीच काढून घेतली. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाचा कटऑफ २०० पैकी ७५.४१ वर आला. देशभरातून निवडलेल्या, वर्षानुवर्षं तयारी केलेल्या माणसांना निम्मे गुणही मिळवायचे नव्हते. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते प्रश्न कोरे ठेवायचे होते. ‘येत नाही’ म्हणण्याला किंमत देणारी आणि ठोकून दिलेल्या उत्तराला दंड लावणारी दुसरी शाळा आपल्याकडे कुठे आहे? शाळेत आपण फळ्यासमोर उभं राहून काहीतरी बोलायला शिकतो. सभेत तर बोलतोच. गप्प राहण्याचा हिशेब मांडायला मुलं इथे शिकतात.

आणि हे खूळ रोह्याला नवं नाही. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा, पण त्यांचं बालपण बरंचसं रोह्यात गेलं. वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि १९१८ साली लंडनमध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. त्या काळी ही परीक्षा भारतात होतच नव्हती, १९२२पासून ती इथेही घेतली जाऊ लागली. रोह्याच्या कुंडलिका नदीकाठच्या मुलानं समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या राजधानीत दुसऱ्याच्या भाषेत परीक्षेला बसणं, हे १९१८च्या शहाण्यासुरत्या माणसाला किती वेडेपणाचं वाटलं असेल! पुढचं सगळं आजच्या प्रश्नपत्रिकेतलं साहित्य आहे: १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ साली ब्रेटन वुड्स परिषदेतल्या भारतीय शिष्टमंडळात, १ जानेवारी १९४९ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा पदावर, १९५० साली अर्थमंत्री, १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर, आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून राजीनामा. ज्यानं साम्राज्याची सर्वांत अवघड परीक्षा जिंकली त्यानंच पुढे मंत्रिपद सोडून दाखवलं. रोह्याच्या मुलानं हे केवळ ‘राजीनामा : १९५६’ असं पाठ केलं तरी चालेल. पाठ केलेलं कधी ना कधी उलगडतं, आणि त्या दिवशी तो त्या एका ओळीतून राज्यपुनर्रचना, द्विभाषिक राज्य आणि १ मे १९६०पर्यंत चालत येतो. ठाणे महापालिकेनं १९८७पासून चालवलेली प्रशासकीय परीक्षांची प्रशिक्षण संस्था देशमुखांच्याच नावाची आहे, आणि ठाणं पेण-रोह्यापासून एका गाडीच्या अंतरावर आहे.

मॅगसेसे पुरस्काराचा प्रश्न घ्या, चालू घडामोडींतला हा कायमचा पाहुणा. पहिल्याच वर्षी, १९५८ला, तो विनोबांना मिळाला; विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९५९ला चिंतामणराव देशमुखांना. १९९६ला पांडुरंगशास्त्री आठवल्यांना, ज्यांचा जन्म रोह्याचा. दोन शेजारच्या तालुक्यांशी नातं असलेले तीन मॅगसेसे! हे दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी नवी नावं जाहीर झाली की सराव करणाऱ्या मुलांना आपोआप आठवतं. सराव न करणाऱ्या आपल्याला कोण आठवण करून देतं? स्टँडवर गागोद्याची एसटी लागली तरी आपल्याला आठवत नाही.

पेणच्या बाबतीत तर हे खूळ घराच्या चुलीपर्यंत पोहोचतं. पेण, हमरापूर, जोहे हा गणेशमूर्तींचा पट्टा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२०मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसवर बंदी घातली. पाच वर्षं ती कधी लागू, कधी पुढे ढकललेली, कधी न्यायालयात. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाची परवानगी दिली नाही. आता सराव प्रश्न असा येतो: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ही संस्था घटनात्मक की वैधानिक? उत्तर वैधानिक, १९७४च्या जल कायद्याखाली स्थापन झालेली. परीक्षेपुरते हे दोन गुण. पण कारखान्यात रंगाचा हात पुसून हा प्रश्न सोडवणाऱ्या मुलीला कळतं की आपल्या हंगामावर आलेली बंदी आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे संसदेचा कायदा आहे, मंडळ आहे, मसुदा आहे, तज्ज्ञ समिती आहे आणि त्यांतल्या प्रत्येक पायरीवर म्हणणं मांडता येतं. मूर्तिकारांच्या बैठकीत हे समजावून सांगू शकणारी माणसं हवी असतात. त्यांतली किती पूर्वपरीक्षा पास झाली, याला तिथे काही महत्त्व नाही.

मात्र कौतुक खुळाचं आहे, त्याच्या बाजाराचं नाही. महिन्याच्या पंधरा तारखेला ‘महिन्याच्या टॉप पाचशे घडामोडी’ विकणाऱ्यांनी मूळ बातमी वाचण्याची गरजच काढून घेतली आहे. ‘कोणत्या राज्यानं कोणती योजना सुरू केली’ याच्या शंभर जोड्या लावणाऱ्या मुलाला एकाही योजनेत पैसा कुठून येतो हे विचारलं जात नसेल, तर त्याच्या मेहनतीशी ही लबाडी आहे. आणि सहाव्या अटेम्प्टनंतरही ‘यंदा नक्की’ म्हणून फी घेणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. घरच्यांनी किती वर्षं थांबायचं हे घरच्यांनी आणि मुलांनी समोरासमोर बसून, तारीख घालून ठरवावं. तारीख ठरली म्हणून सराव सोडावा लागत नाही. ग्रामसेवक झालेली, शाळेत लागलेली, दुकान चालवणारी माणसं रोज दहा प्रश्न सोडवत राहिली तर गावाचं काही बिघडत नाही, उलट ग्रामसभेत अंदाजपत्रकाचा कागद वाचायला कुणीतरी तयार असतं.

म्हणून माझी मागणी हे खूळ वाढवण्याची आहे, आणि त्याला जिल्ह्याची माती लावण्याची. पेण आणि रोह्याच्या वाचनालयांनी दर रविवारी सकाळी खुला सराव ठेवावा; वयाची अट नको, निवृत्त मास्तर, बँकेतले, कारखान्यातले सगळे बसोत. निम्मे प्रश्न दिल्लीचे असू देत, निम्मे इथले असावेत. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड कधी झालं? १ जानेवारी १९८१. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी रायगड जिल्ह्यातले किती? दोन, रायगड आणि खांदेरी. चरीचा शेतकरी संप कधी सुरू झाला? १९३३. आणि थोडे अवघड प्रश्नही विचारावेत. सप्टेंबर २००८मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या, पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान घेण्यात आलं. त्यावर विधानं अशी: एक, भारतीय राज्यघटनेत अशा सार्वमताची तरतूद आहे. दोन, विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००५चा आहे. तीन, त्या वेळी भूसंपादनाला १८९४चा कायदा लागू होता. वरीलपैकी किती विधानं बरोबर?

दोन बरोबर आहेत. गुण आयोगासारखे दोनच ठेवावेत, चुकीला ०.६६ कापावेत, आणि ज्यांच्या जमिनी त्या २२ गावांत आहेत त्यांनाही सवलत देऊ नये.