आमच्या दारचा हायवे

क्रॅनफर्ड, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस,


बाबा, "तिकडचे हायवे कसे असतात रे?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. जन्मभर बांधकाम खात्यात रस्ते मोजलेल्या माणसाला उडवाउडवीचं उत्तर कसं द्यायचं? म्हणून सविस्तर लिहितो. पत्र हायवेपेक्षा लांब झालं तर रागावू नका.

आमच्या जवळचा राज्य महामार्ग क्रमांक ५९. लांबी ०.१५ मैल, म्हणजे तुमच्या टेपानं साधारण २४० मीटर. क्रॅनफर्ड आणि गारवूड या दोन गावांच्या वेशीवर साउथ अव्हेन्यूपासून निघतो, रेल्वेच्या पुलाखालून जातो आणि नॉर्थ अव्हेन्यूला टेकतो. झाला महामार्ग! मैलाचा दगड रोवायचा म्हटलं तर दुसऱ्याच्या हद्दीत जावं लागेल. परवा त्या रस्त्याला लागताना हिनं चिऊसाठी चकल्यांचा डबा काढला. झाकण जरा घट्ट होतं. ते निघेपर्यंत आम्ही नॉर्थ अव्हेन्यूवर, म्हणजे राज्य महामार्ग २८ वर पोचलो होतो आणि चिऊ विचारत होती, "बाबा, हायवे कधी येणार?"

गावातले लोक त्याला नुसतं लिंकन अव्हेन्यू म्हणतात. पण कागदोपत्री त्याचा थाट वेगळा. मुळात तो राज्य महामार्ग २२ होता आणि बेत याहून पुष्कळ लांबचा होता. बाकीचा रस्ता नकाशावरच राहिला, बांधून झाला तो एवढा तुकडा. (तुम्ही आत्ता गालात हसलात ना? मला दिसलं.) पुढे १९५३ साली न्यू जर्सीनं अनेक रस्त्यांचे क्रमांक नव्यानं लावले, कारण राज्याचे आणि अमेरिकेच्या संघीय महामार्गांचे आकडे एकमेकांत अडकत होते. इथून थोडं उत्तरेला संघीय महामार्ग २२ आहे, चांगला न्यूअर्कपासून ओहायोपर्यंत जाणारा. आई, घरात मोठी जाऊ सुमन असली की नव्या सुनेचं नाव बदलतात, तसं आमच्या बापड्याचं ५९ झालं.

आता वाटतं, रस्ता नाही तर नाही, निदान क्रमांक तरी काढून टाकायचा! पण खातं ते खातंच, बाबा, समुद्राच्या कुठल्याही काठावरचं असो. एकदा फायलीत चढलेला रस्ता सहजी उतरत नाही. शिवाय माझ्या मते तो रेल्वेचा पूल आहे, तोवर ही २४० मीटर अंगावर घ्यायला कुठलंही गाव पुढे येणार नाही. पुलाखालचा रस्ता सांभाळणं म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगायचं.

गोडा मसाला संपत आलाय. कुणी येणार असेल तर पाठवा.

तुमचा,
मिलिंद

ता. क. : नाना काकांना "मिलिंद हायवेला लागून राहतो" एवढंच सांगा. लांबी सांगू नका.