आमच्यात असं खेळतात

दिवाळीच्या सुट्टीत भाचा साताऱ्याहून आमच्याकडे सांगलीला आला तो दोन वस्तू घेऊन. एक कंदी पेढ्यांचा पुडा आणि दुसरी मखमली चंची. साताऱ्याच्या पेढ्यांचं सांगलीकरानं तोंडभर कौतुक करायचं नसतं, ते तोंडभर खायचे असतात. तो कार्यक्रम उरकला. चंची मात्र आईनं मोठ्या आशेनं सोडली. आत पान, सुपारी, लवंग यातलं काहीच नाही. निघाले फासे. तेही सारीपाटाचे लांबोडके किंवा लुडोचे चौकोनी नव्हेत. कुणाला चार तोंडं, कुणाला आठ, कुणाला बारा, आणि एकाला चक्क वीस. "एका अंगाला वीस तोंडं? ही तर आपली भावकीच," म्हणून आईनं चंची परत केली.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. यात पट असलाच पाहिजे असं नाही आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एक जण मास्टर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. मास्टर म्हणतो, "समोर भुयार आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय. काय करता?" तुम्ही काय करता ते सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. रात्री भडंगाची परात मध्ये ठेवून हे सगळं मी ऐकून घेतलं आणि शेवटी सांगलीकराला शोभेल असं म्हणालो, "हे आमच्याकडं १८४३ सालीच झालंय."

भाच्याला वाटलं, मामा नेहमीसारखा फेकतोय. पण कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं आणि भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, हा काही माझा शोध नाही. त्या नाटकात पात्रांना लिहून दिलेली भाषणं नव्हती. सूत्रधार पदं म्हणत गोष्ट पुढं न्यायचा आणि प्रसंग आला की पात्रांनी आपापल्या बुद्धीनं बोलायचं. रावणाला धनुष्य उचलता येणार नाही, हे ठरलेलं. पण ते उचलता न आल्यावर काय बोलायचं, हे रावणाचं रावणानं बघायचं. राक्षस तर 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकूनच प्रवेश करायचे. आता सांगा, हा सूत्रधार म्हणजे मास्टर नाही तर कोण? फक्त वीस तोंडांचा फासा नव्हता. त्याचं काम समोरचे प्रेक्षक करायचे.

भाच्यानं यावर अमेरिका काढली. तिकडं विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून पोट भरणारा गॅरी गायगॅक्स आणि त्याचा जोडीदार डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ छापून काढला. पहिल्या हजार प्रती हातानं जुळवून खोक्यात भरलेल्या. मला सगळ्यात आवडलं ते हे, की नियमांची एवढी पुस्तकं लिहून शेवटी त्यांनीच सुचवलं होतं, की बाबांनो, तुम्हाला हवं तसं बदलून घ्या. भाच्याच्या मंडळींत या बदलून घेण्याला 'होमब्रू' म्हणतात.

"म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हणजे घरी गाळलेलं, आजी."

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू पोराला साताऱ्याहून बोलावून मी हातभट्टीच्या नादाला लावलंय. मी घाईनं अर्थ फिरवला, "घरचा नियम गं. आपण पत्ते खेळताना म्हणतो ना, आमच्यात असं खेळतात." हे मात्र तिला लगेच पटलं. या एका वाक्यावर तिनं आयुष्यभर रमीत आम्हाला लुटलं आहे.

त्याच १९७४ सालाचं ज्ञानपीठ वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला मिळालं. खांडेकर जन्मानं सांगलीचेच. आता 'ययाति' म्हणजे तरी काय? महाभारतातलं एक उपाख्यान घेतलं आणि आमच्यात असं खेळतात म्हणत त्यातली माणसं पुन्हा घडवली. मूळ कथेत कच संजीवनी विद्या घेऊन, देवयानीचा शाप झेलून निघून जातो. खांडेकरांनी त्याला परत आणून कादंबरीत वावरायला लावलं. मला तर कधी कधी वाटतं, की कृष्णेच्या पाण्यातच काहीतरी आहे. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, आमच्या हरिपूरला वारणा. प्रत्येक गावात थोडं नवीन पाणी मिसळतं आणि नाव कृष्णेचंच राहतं.

तर खेळ सुरू झाला. आधी पात्रं. कागदावर ताकद, चपळाई, अक्कल असे रकाने असतात आणि ते पेन्सिलीनं भरायचे असतात. माझी अकरावीतली मुलगी धनुर्धारी झाली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला खजिन्याचा पहारेकरी केलं. आईला भाच्यानं मोठ्या उदारपणे जादूगारीण देऊ केली. तिनं विचारलं, "जादू कसली?" आणि इथून पुस्तकातले नियम गळायला लागले.

खेळाच्या जुन्या पुस्तकांप्रमाणं जादूगारानं मंत्र पाठ करायचा आणि तो एकदा वापरला, की डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हॅन्स नावाच्या अमेरिकन लेखकाच्या कथांमधून आली. भाच्याला ती पटत नव्हती. "पाठ केलेलं एका क्षणात कसं विसरेल?" सहामाही संपल्यावर इतिहासाचं एक पान ज्याला आठवत नाही, त्यानं हे विचारावं! मी त्याला कर्णाची आठवण करून दिली. खोटं बोलून विद्या मिळवली म्हणून परशुरामानं शाप दिला, की ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. व्हॅन्सचा जादूगार मंत्र वापरल्यावर विसरतो, कर्ण वापरायच्या आधीच विसरला. शिवाय कर्णाच्या विसरण्याला कारण आहे. आपल्याकडं जादूची किंमत आकड्यात नसते, वागण्यात असते.

त्यातही कचाचा नियम मला सर्वांत सुरेख वाटतो. देवयानी शाप देते, की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, ठीक आहे, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. असा नियम कुठल्या पुस्तकात सापडायचा? स्वतःला न येणारं दुसऱ्याला शिकवून पोट भरणारी कितीतरी माणसं आपण रोज बघतो, पण त्यामागं शाप असेल अशी दया कधी मनात येत नाही. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' लिहिलं. खाडिलकरही सांगलीचेच. मी हे तिसऱ्यांदा म्हटल्यावर भाच्यानं पेढ्यांचा पुडा स्वतःकडं ओढून घेतला.

आईला यातली कुठलीच जादू नको होती. तिनं स्वतःची सांगितली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, माणसावरून ओवाळायच्या, विस्तवात टाकायच्या. ठसका लागला तर काही नव्हतं. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर समजायचं, जबर दृष्ट होती. भाचा तिच्याकडं बघतच राहिला. सामान ठरलेलं, कृती ठरलेली, वर परिणाम तपासायची सोय! त्यानं लगेच वहीत लिहिलं, 'दृष्ट काढणे. वीसपैकी पंधराच्या वर पडल्यास ठसका नाही.' आई म्हणाली, "आणि ओवाळताना कुणी मधी बोललं तर वाया." तेही लिहिलं गेलं. हा नियम त्या रात्री फारच कामाचा ठरला, कारण आमच्या घरात मध्ये न बोलणारा माणूस जन्माला यायचा आहे.

मग शेवटचा रकाना आला, नीतीचा. पहिल्या आवृत्तीत तीनच बाजू होत्या. नियमानं चालणारे, बेबंद आणि मधले. पुढं काही वर्षांनी त्याला भले, दुष्ट आणि मधले अशी जोड देऊन नऊ घरं केली. भाच्यानं मला 'खरा तटस्थ' या घरात टाकलं. म्हणजे घरात वाद पेटला, की वर्तमानपत्र उघडून बसणारा. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून निषेध नोंदवला.

नऊ घरं भरायला आम्ही ओळखीची माणसं घेतली. धर्मराज कुठं? नियमानं चालणारा भला. भीम? भला, पण बेबंद. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त १९०७ साली नेमकी हीच दोन घरं एकमेकांसमोर उभी होती. सैरंध्रीचा अपमान झाल्यावर एक धीर धरा म्हणतो आणि दुसरा मुठी आवळतो. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. सरकारनंही तेच पाहिलं आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. पात्राची नीती कोणत्या रकान्यात भरायची यावरून एखादं सरकार घाबरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

"आणि नाना पाटील?" माझ्या मुलीनं विचारलं.

इथं सगळ्यांचीच पेन्सिल थांबली. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आधी तलाठी होते. तलाठ्याइतकं नियमातलं माणूस दुसरं कोण? मग नोकरी सोडली, चळवळीत पडले. १९४२ पासून भूमिगत राहून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवलं. तेव्हा सांगलीकडचा हा बराच मुलूख साताऱ्यातच होता. १९४३ साली शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराचा पैसा लुटला गेला. इंग्रजांच्या कागदावर हे शुद्ध बेबंद. पण याच प्रतिसरकारची गावोगाव न्यायमंडळं बसत होती, तंटे मिटत होते, बिनखर्चाची लग्नं लागत होती. म्हणजे नियमच की. आणि १९५७ साली हेच नाना पाटील साताऱ्यातून निवडून लोकसभेत जाऊन बसले. तलाठी, फरारी, खासदार. एका जन्मात निम्मी घरं फिरून झाली.

आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिच्या वडिलांनी रात्री-अपरात्री आलेल्या माणसांना भाकरी बांधून दिलेल्या तिला आठवतात. गावाला छळणाऱ्या गुंडाच्या तळपायावर काठ्या बसायच्या, पत्री मारली म्हणायचे. "गाव सुटलं त्याच्या तरासातनं," ती म्हणाली, "पर त्यो वरडायचा ते आमाला घरात ऐकू यायचं. त्याची पोरगी माझ्या बरोबरीची हुती." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. भाच्यानं नाना पाटलांचं नाव नवातल्या एकाही घरात लिहिलं नाही. आईच्या कागदावरचा नीतीचा रकानाही तसाच कोरा राहिला.

खेळ रंगला तो त्यानंतर. गडाच्या कोठारातून धान्याची सात पोती चोरीला गेली. माझाच पहारा, त्यामुळं मी मुद्दाम कडक झालो. चोर सापडला. भाच्याच्या तयारीत दोनच वाटा होत्या, मारा किंवा सोडा. मुलीनं बाण लावला. मी शिक्षेचं कलम शोधू लागलो. आईनं दाणे निवडत विचारलं, "आरं, त्याच्या घरात खाणारी तोंडं किती?"

मास्टर गडबडला. हे पुस्तकात नव्हतं, वहीत नव्हतं. "फासा टाक," मी सुचवलं. त्यानं वीस तोंडांचा फासा शोधला तर तो जागेवर नाही. आम्ही सतरंजी झटकली, पुडा उघडला, एकमेकांवर संशय घेतला. एवढ्यात मी भडंगाचा घास घेतला आणि माझ्या नव्यानं बसवलेल्या दाढेखाली शेंगदाणा न फुटता दाढच हलली. फासा बाहेर काढून पाहिला. वरच्या तोंडावर अकरा.

"अकरा तोंडं," भाचा गंभीरपणे म्हणाला.

आईनं निकाल दिला. पाच पोती त्याला राहू दे. दोन परत आण. आणि उद्यापासून त्यालाच कोठाराच्या पहाऱ्याला बसव, उपाशी माणसाला झोप कमी असते. माझी नोकरी गेली ती अशी. निवृत्त झाल्यावरही माणसाची नोकरी जाऊ शकते, हे या खेळानं मला शिकवलं.

भाचा साताऱ्याला परत गेला. दोन रविवारांनी त्याचा फोन आला, तेव्हा मागं चार-पाच पोरांचा कालवा चालला होता. कुणीतरी राक्षसाला पकडलं होतं आणि भाचा म्हणत होता, थांबा, मारायच्या आधी त्याच्या घरात खाणारी तोंडं किती ते बघायचं. एक पोरगा चिडून ओरडला, की असला नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

"नसू दे," भाचा म्हणाला, "आमच्यात असं खेळतात."

मी फोन आईच्या कानाला लावला. तिनं ऐकलं आणि विचारलं, "पडलं किती?"