सुधारित व वाढवलेली आवृत्ती

समाजाला उपद्रव देणाऱ्या लोकांच्या याद्या आपल्याकडे अधूनमधून निघत असतात. त्यात आंदोलनं करणारे असतात, माहिती अधिकारात अर्ज टाकणारे असतात, सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद मागणारे असतात. एक जमात मात्र अजून कोणत्याच यादीत आलेली नाही. ती म्हणजे चित्रपटाची मूळ प्रत शोधत हिंडणारे चाहते. वरवर पाहता हे लोक निरुपद्रवी दिसतात. नोकरी करतात, कर भरतात, पिशवी घेऊन भाजीला जातात. पण यांच्यासमोर कोणी सहज म्हणालं, की काल टीव्हीवर 'शोले' लागला होता, तर लगेच यांचा आवाज बदलतो. "कोणता? पोलीस येतात तो, की येत नाहीत तो?"

यांचा बंदोबस्त व्हावा, अशी आमची नम्र मागणी आहे. चित्रपट मालकाचा असतो. मालकाला तो हवा तेव्हा धुता, पुसता, कापता, रंगवता आला पाहिजे. प्रेक्षकाने तिकीट काढलं, तीन तास बसला, व्यवहार संपला. घरी जाताना तो डोक्यात काय घेऊन गेला, याच्याशी मालकाचा संबंध नाही. आणि तेच परत मागायला तो पन्नास वर्षांनी आला, तर त्याला दारात उभं करू नये.

या जमातीचे सगळ्यात मोठे बळी म्हणजे अमेरिकेचे जॉर्ज लुकास. त्यांचा 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी आला. त्यात हान सोलो हा तस्कर एका गुत्त्यात बसलेला असतो. ग्रीडो नावाचा सुपारीबाज त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि सोलो टेबलाखालून गोळी घालून त्याला आडवा करतो. प्रेक्षक खूश झाले. वीस वर्षांनी, १९९७मध्ये, नायकाने आधी गोळी झाडणं बरं दिसत नाही असं लुकास यांना वाटलं. मग संगणकाच्या मदतीने ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावलं. टेबलाच्या अलीकडून पलीकडे नेम धरायचा, तोही त्याचा चुकतो. २००४च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदमच सुटतात. २०१९मध्ये चित्रपट डिस्ने प्लसवर आला, तेव्हा ग्रीडो मरण्याआधी 'मॅकलंकी' असं काहीतरी बोलू लागला. साक्षीदार आपल्याकडेही फितूर होतात, पण त्यासाठी त्यांना जिवंत असावं लागतं. हा गडी मेल्यानंतर बेचाळीस वर्षं जबानी बदलतो आहे.

याच मालिकेतल्या १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी दिवंगत अनाकिन स्कायवॉकरचं भूत दिसतं. ते काम सेबॅस्टियन शॉ या ज्येष्ठ नटाने केलं होतं. २००४मध्ये त्या जागी हेडन क्रिस्टेन्सन हा तरुण नट आला. चित्रपट पहिल्यांदा झळकला तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. बाळ मोठं होईपर्यंत थांबून त्याला भुताचं काम देणं, याला दूरदृष्टी म्हणतात. पण चाहते कृतघ्न.

ते उलट मार्च १९८८ची गोष्ट काढतात. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याची टूम तेव्हा अमेरिकेत निघाली होती. लुकास स्वतः तिथल्या काँग्रेससमोर गेले आणि नफ्यासाठी किंवा सत्तेचा तोरा दाखवण्यासाठी कलाकृती बदलणारे लोक रानटी आहेत, असं सांगून आले. चाहते हे भाषण त्यांच्याच तोंडावर फेकतात. त्यांना एवढं कळत नाही, की लुकास दुसऱ्यांच्या चित्रपटांबद्दल बोलत होते. तत्त्वं नेहमी दुसऱ्यांसाठीच असतात. तसं नसतं, तर आपल्याकडे एकही पक्ष शिल्लक राहिला नसता.

तरीही २००६मध्ये मालकांनी मोठं मन करून मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली. सुधारित आवृत्तीबरोबरची पुरवणी म्हणून, आणि तीसुद्धा १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून. बुफेतलं उरलेलं दारात आलेल्याला वाढतात, तसं. एवढ्यावर कोणीही सुसंस्कृत माणूस गप्प बसला असता.

हे बसले नाहीत. एका चेक तरुणाने ब्लू-रे, डीव्हीडी आणि हाती लागेल त्या स्रोतातून तुकडे जमवून सुधारणा एकेक करून काढून टाकल्या. दुसऱ्या एका टोळीने तर थिएटरात चाललेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रिंटच शोधायला घेतल्या. आता प्रिंट ही वितरकाची मालमत्ता. खेळ संपले की ती परत करायची किंवा नष्ट करायची, असा शिरस्ता. पण प्रोजेक्टरवाल्यांची जात सगळीकडे सारखीच. कोणी डबा घरी नेला, कोणी भंगारात जाता जाता उचलला. त्यातही या लोकांचे नखरे. त्या काळातल्या ईस्टमन प्रिंटचे रंग उडतात आणि वाळवंट, अवकाश, खलनायक, सगळंच गुलाबी होतं. म्हणून यांना टेक्निकलर पद्धतीने रंग चढवलेली प्रिंट हवी, कारण ते रंग टिकतात. तशी मिळाल्यावर एकेक चौकट स्कॅन केली, धूळ आणि ओरखडे काढले आणि २०१८मध्ये '४के७७' या नावाने १९७७चा चित्रपट पुन्हा उभा केला. मग यांच्यातच भांडण. पहिल्याच उन्हाळ्यात त्या चित्रपटाचे ७० मिलिमीटरचा, स्टिरिओ आणि मोनो असे तीन वेगवेगळे ध्वनी होते. त्यांतला खरा कोणता? कमाल म्हणजे, आमची प्रत बघण्याआधी बाजारातली अधिकृत डिस्क विकत घ्या, असं हेच लोक बजावतात. पावती दाखवल्याशिवाय चोरीचा माल न देणारे चोर जगात दुसरीकडे नसावेत.

याचा परिणाम काय झाला? जून २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्याकडची १९७७ची टेक्निकलर प्रिंट महोत्सवात राजरोस दाखवली. आणि आता मालक कंपनीनेच जाहीर केलंय, की पन्नाशीनिमित्त २०२७मध्ये मूळ चित्रपट थिएटरांत आणू. जी वस्तू निर्मात्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती, तिचं तिकीट निघणार आहे.

आपण याबाबतीत पुढारलेले आहोत. आपल्याकडे चित्रपट सुधारण्यासाठी वीस वर्षं थांबावं लागत नाही. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला आला, म्हणजे आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि गब्बर मरतो. सेन्सॉरला हे पटलं नाही. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं योग्य नव्हे, असा आक्षेप आला. ठाकूरला हातच नाहीत, ही तांत्रिक अडचण कोणी लक्षात घेतली नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला घेऊन जातात. गब्बरने अहमदला मारण्याचा प्रसंगही गेला. तो अहमद म्हणजे आपले सचिन पिळगावकर. गब्बर मुंगी चिरडतो आणि पुढच्या खेपेस घोड्यावरून थेट प्रेत येतं. लॅमिंग्टन रोडच्या 'मिनर्व्हा'त हा सुधारित 'शोले' पाच वर्षं चालला. गावात दरोडेखोर धुमाकूळ घालत असताना कुठे न दिसलेले पोलीस शेवटी बरोबर वेळेवर आले, यावर देशाने विश्वास ठेवला. आणीबाणीत गाड्यासुद्धा वेळेवर येत होत्या म्हणतात.

तेव्हाही चाहत्यांनी घोळ घातलाच. मूळ शेवटाची प्रत व्हिडिओ कॅसेटवरून घरोघरी फिरत राहिली. अंधूक, खरखरीत, पण ठाकूर त्यात आपलं काम पुरं करत होता. चित्रपट नव्याने उभा करायची वेळ आली तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झालेली निघाली आणि ७० मिलिमीटरची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. कामी आलेल्या सामग्रीतला काही भाग ब्रिटनमधल्या एका गोदामात सापडला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो चित्रपट मूळ शेवटासह पुन्हा उभा केला आणि जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात दाखवला. रामगढचा न्याय इटलीत झाला. भारतात तो डिसेंबरात पोहोचला. पन्नास वर्षांत निकाल लागला, म्हणजे आपल्याकडच्या मानाने लवकरच.

टीव्हीवर 'शोले' बघणाऱ्यांना मात्र सुधारणांचा लाभ मिळतच राहील. गब्बर तंबाखू मळतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते, की हे आरोग्यास घातक आहे. तो दोन्ही हात तोडतो, तेव्हा तशी काही सूचना येत नाही.

खरं सांगायचं तर एकेक दृश्य बदलत बसण्याचा अमेरिकी मार्ग खर्चिक आहे. आपल्या पूर्वजांनी त्याहून सोपी युक्ती काढली होती. फिल्ममध्ये चांदी असते. जुनी रिळं वितळवली, की ती निघते. पडद्यावर ज्याची चांदी झाली नाही, त्याची भट्टीत होत असे. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट झाले. त्यांतले तिसाच्या आसपास उरले, आणि तेही बरेचसे तुकड्यांत. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा. त्याची एकही प्रत उरलेली नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातलं नायट्रेट फिल्मचं गोदाम जळालं, तेव्हा कोणाला चांदी काढायचेही कष्ट पडले नाहीत. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ चार रिळं होती. उरली पहिली आणि शेवटची. आणि काही अभ्यासक म्हणतात, की तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत. म्हणजे सत्यवचनी राजाचा जो चित्रपट आपण देशातला पहिला म्हणून दाखवतो, तोच कदाचित सुधारित आवृत्ती असेल. परंपरा किती जुनी आहे बघा.

एवढं तरी का उरलं? मुख्य आरोपी आहेत पी. के. नायर. १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि हा माणूस देशभर डबे गोळा करत हिंडला. चांगला सिनेमा, वाईट सिनेमा असा भेद त्यांना मान्य नव्हता. सगळंच जपलं पाहिजे, असं त्यांचं मत. अंधारात बसून टॉर्चच्या उजेडात टिपणं काढायची सवय. हे वेड संसर्गजन्य असल्याचा पुरावाही आहे. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट काढणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी दोन वर्षांत स्वतःच फिल्म हेरिटेज फाउंडेशन काढलं. 'शोले'वाले ते हेच.

सुदैवाने विज्ञान मालकांच्या मदतीला आलं आहे. २०१३च्या 'रांझणा'त नायक शेवटी मरतो. ऑगस्ट २०२५मध्ये त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याला जिवंत केलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर निषेध केला. पण हक्क कंपनीकडे होते आणि नायक जगला. मरायचं की नाही, हे आता नटाच्या किंवा लेखकाच्या हातात राहिलेलं नाही.

मराठीने मागे राहू नये. 'श्यामची आई' १९५३चा आहे, त्याला आता तातडीने सुखद शेवट हवा. आईला वेळेवर शहरात हलवा, एका रिळात ती बरी होईल. 'पिंजरा'तल्या मास्तरांना स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी होते. एक डीएनए चाचणी टाकली, की सुटले. 'सिंहासन'च्या शेवटी पत्रकार दिगू टिपणीसला वेड लागतं. हे पत्रकारितेची बदनामी करणारं दृश्य काढून त्याला एखाद्या वाहिनीचा संपादक करावा. फारसा बदल जाणवणार नाही.

आता शिक्षेचं बघू. आमची सूचना अशी, की या चाहत्यांना अटक करून त्यांच्या डब्यांसकट कोठडीत टाकावं. कोठडी थंड असावी, कोरडी असावी, तिथे ऊन आणि ओलावा येऊ नये, वीज जाऊ नये. अशी कोठडी सरकारने खरंच बांधली, तर ते आपण होऊन रांग लावतील.

कोणी विचारेल, मूळ प्रत नेमकी कोणाकडे सुरक्षित राहते? कार्ल ड्रायर यांच्या १९२८च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची निगेटिव्ह जळाली. ड्रायरनी उरलेल्या टेकमधून दुसरी तयार केली, तीही जळाली. जोनला पडद्यावर एकदा जाळलं, चित्रपटाला दोनदा. मूळ रूपातली प्रत १९८१मध्ये सापडली ती ऑस्लोजवळच्या मनोरुग्णालयातल्या एका कपाटात. म्हणजे शहाण्यांनी सांभाळलेली गेली आणि वेड्यांच्या इस्पितळातली राहिली. चित्रपट जतनाचा जागतिक इतिहास एवढाच आहे.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर किंवा बंद पडलेल्या थिएटरच्या प्रोजेक्टरखोलीत एखादा गंजका डबा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थांबा. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे आणि वेळ थोडा उरला आहे. डबा थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याला, लॉ कॉलेज रोडवरच्या संग्रहालयाला कळवा. मालकाला मात्र कळवू नका. तो सुधारायला घेईल.