हळदीच्या पानावरचं दुकान

"ताई, तुमच्या त्या विकिपीडियावाल्यांना माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून मेतकुटाची वाटी देता देता तोंड उघडलं. आम्ही साताऱ्यात राहतो, पण वहिनींचं माहेर सांगलीचं. माहेरचा विषय निघाला की आवाज आपोआप वर जातो.

प्रकरण भाच्याचं होतं. भावाचा हळद-बेदाण्याचा व्यापार. भाच्यानं वेबसाइट काढली, पण गूगलवर काही केल्या दुकान वर येईना. तेवढ्यात एक एसइओवाला भेटला. म्हणाला, विकिपीडियावर तुमची लिंक टाकतो, बघा कसे वर जाता ते. पैसे घेतले, हळदीच्या लेखाखाली 'बाह्य दुवे'मध्ये दुकानाची लिंक चिकटवली, भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला आणि मोकळा झाला. संध्याकाळी बघतात तर लिंक गायब.

"तुम्ही तर नाही ना काढलीत?"

"मी नाही. पण दिसली असती तर काढलीच असती."

वहिनींचा चेहरा बघून मेतकूट परत मागतात की काय असं वाटलं. म्हटलं, "अहो, राहिली असती तरी काय उपयोग होता? एका साइटनं दुसरीची लिंक दिली की ते एक मत, आणि मोठ्या साइटचं मत वजनदार, असा गूगलचा मूळचा हिशोब. त्यापायी जो तो मोकळी जागा दिसेल तिथं लिंका डकवत सुटला. मग २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं 'नोफॉलो' नावाची खूण मानायचं ठरवलं. ती खूण असली की ते मत धरायचं नाही. इंग्रजी विकिपीडियानं जानेवारी २००७ मध्ये बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांना ती लावून टाकली. मराठीतही तेच."

"म्हंजे फुकटच गेले की हो पैसे!"

"गेलेच. २०१९ मध्ये गूगलनं 'यापुढे ती खूण आम्ही नुसता इशारा म्हणून घेऊ' असं सांगितलं. तेवढ्या एका वाक्यावर या मंडळींचं दुकान चाललंय."

शिवाय त्यांच्याकडे आणखी एक युक्ती असते. जुन्या लेखांत बंद पडलेल्या लिंका हुडकायच्या आणि तिथं गुपचूप आपली बसवायची. पण प्रत्येक बदल 'इतिहास'मध्ये नोंदला जातो. पुन्हा पुन्हा तेच केलं तर साइटचं नावच काळ्या यादीत जातं, मग भल्या कारणासाठीसुद्धा ती लिंक कुणाला टाकता येत नाही. पैसे घेऊन लिहीत असाल तर तसं जाहीर करा, हा नियमही २०१४ पासून आहे. त्या एसइओवाल्यानं कसलं जाहीर केलंय!

"आमच्या वाईच्या विश्वकोशात कुणी असं करून दाखवावं," मी म्हटलं. माझ्या सासरचे लोक वाईचे, त्यामुळे हा विषय मी सोडत नाही. लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं बसून मराठी विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६ चा. नोंदीखाली लेखकाचं नाव, संदर्भाची पुस्तकं. आता ते सगळं नेटवर फुकट वाचायला मिळतं. हळदीची नोंद उघडा, दुकानाचा पत्ता सापडायचा नाही. विकिपीडियाला दार नाही, कुणीही आत येतं, म्हणून तिथं राखणही सगळ्यांनाच करावी लागते.

"मग पोरानं करायचं तरी काय?"

"हरिपूरला जायला सांगा." वहिनींचे डोळे चमकले. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खड्डा, वरून तोंड बंद, आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधीच. पण पेव कसं खणतात, भरतात कसं, आत उतरायच्या आधी हवा का खेळू देतात, हे जुन्या माणसांना विचारून, फोटो काढून कुणी नीट लिहिलंय? भाच्यानं ते आपल्या साइटवर लिहावं. चांगलं उतरलं तर एखादा अनोळखी माणूस आपणहून संदर्भ म्हणून लावेल. नोफॉलो का असेना, पेवांबद्दल वाचायला आलेला माणूस पावशेर हळद मागवेलही.

"त्याला वेळ लागणार," वहिनी म्हणाल्या. "त्या माणसानं कालच नवीन सांगितलंय. थोडे जास्त द्या, विकिपीडियावर दुकानाच्या नावाचं आख्खं पानच काढून देतो."

"ते तर दुसऱ्या दिवशी उडेल. आधी विचारतील, तुमच्या दुकानाबद्दल बाहेरच्या कुणी, वर्तमानपत्रात वगैरे, काही लिहिलंय का?"

"आलंय की पेपरात!" वहिनी एकदम खुलल्या. "गेल्या दिवाळीला दादानं अर्ध्या पानाची जाहिरात दिली होती."