यंत्राची पिकदाणी

कॅल्गरी, १९ एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,

आई, परवा व्हिडिओ कॉलवर माझे हात बघून तू विचारलंस, "मेंदी कुणाच्या लग्नाची गं?" आणि मी विषय बदलला. फोनवर काही सांगायला घेतलं की तू मधेच "जेवलीस का?" विचारतेस आणि गोष्ट तिथेच राहते. म्हणून पत्र. तेही हाताने लिहितेय, कारण पुढे कळेल.

ती मेंदी नव्हती. ऑफिसातल्या प्रिंटरची शाई होती.

आमचं ऑफिस म्हणजे लोकांची आयकराची विवरणं भरून देणारी चार खुर्च्यांची पेढी. ३० एप्रिल ही इथली शेवटची तारीख, त्यामुळे हा महिना म्हणजे आमची ऐन लग्नसराई. नेमका त्यातच साहेबीणबाईंनी जागा बदलली. सामान हलवताना प्रिंटर माझ्या गाडीत आला. मागच्या सीटवर तिरका टेकवून वर पट्टा बांधला, धाकटीला बांधतो तसा. नव्या जागेत टेबलावर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर टेबलाच्या कडेवरून काळी धार खाली, पंजाबी सहकाऱ्याच्या पांढऱ्या बुटावर. आम्ही त्यांना पाजी म्हणतो. पाजी शांतपणे म्हणाले, "एक झापड लगाओ, ठीक हो जाएगा."

बाबा, तुम्हाला फोन करणार होते. पण इथे दुपारचे तीन म्हणजे सांगलीत रात्रीचे अडीच. मग म्हटलं, छापखान्यात बाबांनी काय केलं असतं? तुम्ही आधी शाई बोटावर घेतली असतीत, अंगठ्याने चोळून कागदावर टिपली असतीत. मी टिश्यूचा कोपरा त्या थारोळ्यात बुडवला. मध्ये काळंकुट्ट, पण ओल वर चढत गेली तशी कडेला निळी झालर, तिच्या बाहेर गुलाबी, अगदी टोकाला पिवळसर. बांधणीची साडी उलगडावी तशी! टाकी फुटली असती तर एकच रंग गळला असता. हे चारही रंगांचं एकत्र धुवण होतं. धुवण म्हटल्यावर मला रॉकेलचा वास आला, तुमच्या शर्टाचा.

मग पाजींच्या मोबाइलवर या जातीच्या यंत्राची शरीररचना वाचून काढली. तुमचं छपाईचं ट्रेडल प्रामाणिक होतं. शाई तबकडीवर, तबकडीवरून रुळांवर, रुळांवरून खिळ्यांवर, सगळं डोळ्यांदेखत. हा प्राणी पान खाणाऱ्या इनामदारासारखा आहे. ज्या सूक्ष्म भोकांतून तो शाईचे थेंब उडवतो, त्यांच्यावर शाई वाळून पापुद्रा धरू नये म्हणून हा अधूनमधून शाईच्याच गुळण्या करतो. शाईनेच चूळ भरायची आणि शाईच थुंकायची. थुंकतो कुठे? स्वतःच्याच पोटात. तळाशी नमद्यासारख्या जाड बोळ्यांची एक पेटी असते, ती त्याची पिकदाणी. विकत घेतलेली शाई, कागदाचं तोंडही न बघता, थेट पिकदाणीत! तुम्ही डब्याच्या तळाची शाई पट्टीने खरवडून चार लग्नपत्रिका जास्त काढायचात. तुम्हाला हे बघवलं नसतं.

आता खरी गंमत. पिकदाणी किती भरली हे यंत्र बघत नाही. आपण किती वेळा थुंकलो हे फक्त मोजतं. हिशेब भरला की दिवा लावून संप पुकारतं. आमच्या यंत्राने तो कधीच पुकारला नव्हता, कारण साहेबीणबाईंनी हा प्रिंटर जुन्या मालातून साठ डॉलरांत आणला होता आणि विकणाऱ्या भल्या माणसाने बोळे न बदलता नुसता आकडा शून्यावर आणून दिला होता. मीटर मागे फिरवलेल्या सेकंडहँड स्कूटरसारखं. त्यात पाजींना सवय अशी की छपाई जरा फिकी आली की हेड साफ करायचं बटण दाबायचं, तीन-तीनदा. पिकदाणी काठोकाठ भरलेलीच होती. मी फक्त ती गाडीत कलंडवली.

नवे बोळे मागवले, ते यायला दोन दिवस. तोवर काम थांबवायची सोय नव्हती. मग पाजींनी नातीचं डायपर आणलं, साहेबीणबाईंनी केक भाजायचा ट्रे दिला, आणि ट्रेमध्ये डायपर, डायपरवर प्रिंटर अशी प्रतिष्ठापना झाली. हसू नका बाबा, शास्त्र आहे त्यात. तुमची शाई तेलातली, म्हणून तिला रॉकेल आणि चिंध्या. ही बहुतांशी पाणीच, आणि पाणी धरून ठेवण्यात डायपरचा हात कोण धरणार! समोर विवरणावर सही करायला बसलेली गिऱ्हाइकं त्या ट्रेकडे बघत होती, पण कॅनडातली माणसं, विचारलं कुणीच नाही.

बोळे आले त्या संध्याकाळी प्लग काढला, हातमोजे चढवले, मागच्या बाजूचा स्क्रू सोडवून पेटी बाहेर ओढली. आत काळ्या ढोकळ्याचे थर. घरून चपात्या भाजायचा चिमटा नेला होता (आई, तो आता तिकडेच ठेवलाय, घरात नवा आणलाय). पहिला थर उचलला तर ओल्या पायपुसण्यासारखा जड, आणि चिमट्यातून घसरून थबकन पेटीत. हातमोजा मनगटापर्यंत भरला, आतून. ही तुझी मेंदी.

जुने थर ब्रेडच्या पिशवीत बांधले, पेटी पुसली, नवे बसवले, आकडा शून्यावर आणला, या वेळी हक्काने. आणि सुरू केल्यावर यंत्राने धाडकन डोकं आपटून घेतलं. पुन्हा आपटलं. पाजी म्हणाले, "मैंने कहा था, झापड." झालं होतं असं की आत आडवी एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर केसाहून बारीक रेघा, त्या मोजत हेड आपण कुठे आहोत ते ओळखतं. त्या पट्टीवर माझा अंगठा उमटला होता. मतदान केल्यासारखा ठळक. त्या डागापाशी बिचाऱ्याचा हिशेब चुकायचा आणि ते सरळ भिंतीवर जाऊन आदळायचं. ओलसर फडक्याने, पट्टी ताणू न देता, हलक्या हाताने पुसली. तुम्ही चष्म्याची काच पुसता तशी.

मग नमुन्याचं पान काढलं. चार रंगांच्या बारीक रेघांच्या पायऱ्या उतरत आल्या. मी ते तुम्ही प्रूफ बघायचात तसं खिडकीपाशी तिरकं धरलं. पिवळ्याची एक पायरी तुटलेली. पाजींचं बोट लगेच बटणाकडे. मी त्यांच्या हातावर चापट मारली, वयाने वडील माणूस तरी. आयकराच्या कागदात पिवळं काय असतं? राहू दे तुटकी. एका गुळणीची शाई वाचली.

साहेबीणबाई खूश आहेत. ट्रे मात्र परत नको म्हणाल्या.

बाबा, एक काम. कपाटात खालच्या कप्प्यात, दिवाळीच्या डब्यात तुमचा खिळे उचलायचा चिमटा असेल. मावशी जूनमध्ये इकडे येतेय, तिच्या सामानात द्या. चपातीच्या चिमट्याला टोक नाही.

मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार. जावई बरे आहेत, त्यांच्या सगळ्यात चांगल्या बनियनची चिंधी झाली हे त्यांना अजून कळलेलं नाही.

तुमची,
ताई

ता. क. आई, जेवले. मुगाची खिचडी, चमच्याने.